वाचकांचे प्रश्न : घरी आणि कॅम्पिंगला दोन्हीकडे चालेल अशी चेनसॉ कुठली?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही कोथरूडला राहतो आणि मुळशीकडे पाऊण एकराचा प्लॉट आहे. कुंपणाला सुबाभूळ आणि निलगिरी, आत आंबे. दर पावसाळ्यात काही ना काही मोडून पडतं आणि गावातला कटरवाला आज येतो उद्या येतो करत आठवडा घालवतो, म्हणून स्वतःचीच मशीन घ्यायची ठरवलीय. शिवाय आमचा ग्रुप पवना, पानशेत साइडला टेंट टाकायला जातो, तिथे शेकोटीला लाकूड लागतं. ऑनलाइन ५८ सीसी, २२ इंची चेनसॉ सात हजारांच्या आत दिसतेय, आणि कंपनीची ३० सीसीवाली त्याच्या दुप्पट-तिप्पट. जास्त सीसी स्वस्तात मिळत असताना कमी सीसी महागात का घ्यायची? भरवशाची एकच सांगा, दोन्हीकडे चालेल अशी. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी कॅम्पिंगचं सांगतो कारण ते लवकर संपतं. कॅम्पिंगला चेनसॉ नेऊच नका. पवनेच्या काठावर ज्या कॅम्पसाइट आहेत तिथे मालक लाकडं देतो, नाहीतर गावात मोळी विकत मिळते, आणि त्याच्या पलीकडचा बराचसा डोंगर वनखात्याचा. राखीव जंगलात झाड तोडणं, जाळ करणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात हत्यार आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकते, भीमाशंकरसारख्या अभयारण्यात तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. "आम्ही फक्त वाळलेलं कापत होतो" हे तिथे ऐकून घेत नाहीत, आणि घेऊही नये, कारण वाळक्या बुंध्यातल्या ढोलीत घुबडं-पोपट राहतात. वर मार्च ते मे वणव्याचे दिवस आणि गरम सायलेन्सरची मशीन वाळक्या गवतावर टेकवणार, म्हणजे बघायलाच नको.

आणि खरं सांगू का, शेकोटीला मनगटाएवढ्या जाडीच्या वर लाकूड लागतच नाही, त्याहून जाड ओंडका टाकला की तो रात्रभर धुमसतो आणि सकाळी अर्धा तसाच. मनगटाएवढं लाकूड कापायला घडीची हातकरवत पुरते, १९-२० सेंटिमीटरच्या पात्याची, बाहकोची किंवा सिल्कीची घेतली तर उत्तमच पण साधी चांगल्या दाताचीही चालते. सिल्की जपानी आहे, ती ओढताना कापते, ढकलताना जोर लावलात तर पातं वाकेल एवढं लक्षात ठेवा. वजन पाव किलोच्या आसपास, पेट्रोलचा वास नाही, शेजारच्या टेंटवाल्याची झोपमोड नाही.

आता प्लॉटचं. तुम्ही "भरवशाची" म्हणताय तेव्हा तुमच्या डोक्यात ब्रँड आहे, पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे, ही मशीन वर्षातले किती महिने नुसती पडून राहणार? कटरवाल्याची मशीन रोज चालते म्हणून ती चालू राहते. आपण पुण्याहून पंधरा दिवसांनी जाणार, पावसाळ्यात महिना-दीड महिना फिरकणारच नाही, आणि मग फांदी पडली की दोरी ओढत बसणार. वीकेंडवाल्यांच्या पेट्रोल चेनसॉ कामाने कमी आणि पडून जास्त मरतात. कारण हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं, आणि कार्बोरेटरमधला तो पातळ रबरी पडदा कडक होतो किंवा जेटमध्ये चिकट थर बसतो. मग मेकॅनिक म्हणतो "कार्बोरेटर बदला" आणि आपण म्हणतो मशीनच बोगस.

म्हणून तुमच्यासाठी माझं पहिलं मत बॅटरीवाली, पण ती खरी ३६ व्होल्टची, १२ ते १४ इंची बारची (बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी). हात-दीड हात घेराच्या फांद्या, सुबाभळीचं खोड, पडलेला आंब्याचा फाटा, एवढं ती आरामात करते. बटण दाबलं की सुरू, सहा महिन्यांनी दाबलं तरी सुरू. ३६ व्होल्ट ४ अँपिअरअवरची बॅटरी म्हणजे साधारण १४४ वॅट-अवर, सलग पूर्ण जोर लावून कापत राहिलात तर ती पाच-सात मिनिटांत संपेल, ऐकायला फारच कमी वाटतं, पण एक काप हा काही सेकंदांचा खेळ असतो आणि मधला सगळा वेळ फांद्या ओढण्यात जातो, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास काम निघतं. दोन बॅटऱ्या असल्या की सकाळ निघते. मकिताच्या काही चेनसॉ १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लावून ३६ करतात, म्हणजे तुमच्याकडे त्यांची ड्रिल आधीच असेल तर अर्धा खर्च वाचला. स्टिल आणि हस्कवार्नाच्याही बॅटरीवाल्या आहेत. बॅटरी मात्र मे महिन्यात गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, आणि महिनोन्महिने ठेवायची असेल तर फुल चार्जही नको आणि रिकामीही नको, निम्म्यावर ठेवा.

पण जर तुमचं म्हणणं असं असेल की निलगिरीचे दहा-बारा इंची बुंधे आहेत, वर्षाचं जळण एकदम कापून ठेवायचंय, जवळपास वाळलेली बाभूळ आहे (वाळलेली बाभूळ म्हणजे काय चीज आहे ते कापणाऱ्यालाच विचारा), तर मग पेट्रोल घ्या, ३० ते ३८ सीसीच्या मधली, १४ किंवा फारतर १६ इंची बार. स्टिलची एमएस १७० साधारण ३० सीसीची, १८० साधारण ३२ ची, हस्कवार्नाची १२० मार्क टू ३८ ची, या गटातली कुठलीही चालेल. स्टिल की हस्कवार्ना हा वाद मी घालत नाही, जिचा वर्कशॉप असलेला डीलर तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे ती घ्या. दुकानात एकच प्रश्न विचारा, "हिचा कार्बोरेटर किट, क्लच आणि स्टार्टरची दोरी आत्ता तुमच्याकडे आहे का?" मागवून देतो म्हणाला तर पुढच्या दुकानात चला. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे दोन-चार कंपन्यांच्या मशीनी हातात धरून बघता येतात, तेही करा, कारण कागदावरचं वजन आणि हातातलं वजन यात फरक असतो.

आता त्या ५८ सीसीबद्दल. मी तिला टाकाऊ म्हणणार नाही. गावोगावी कटरवाले तीच वापरतात, आणि त्या सगळ्या जवळपास एकाच जुन्या जपानी साच्यावरून काढलेल्या असल्यामुळे कार्बोरेटर, क्लच, दोरी हे सगळं एकीचं दुसरीला बसतं, बोहरी आळीत किंवा शेती अवजारांच्या दुकानात स्वस्तात मिळतं. पण लेबलवरच्या सीसीवर फार विश्वास ठेवू नका, तेच इंजिन कधी ५२ तर कधी ६२ म्हणून विकलं जातं. शिवाय २२ इंची बार, तेल-पेट्रोल भरून सहा-सात किलोचं धूड, ते रोजच्या सवयीच्या हातात ठीक आहे, पंधरा दिवसांनी एकदा हात लावणाऱ्याच्या हातात तो लांब बार म्हणजे त्याचं टोक नको तिथे टेकण्याची हमी.

टोकाचं हे नीट समजून घ्या कारण बहुतेक वाईट जखमा तिथूनच होतात. बारच्या नाकाचा जो वरचा चतकोर भाग आहे तो फिरत असताना लाकडाला, दगडाला, अगदी मागच्या फांदीला जरी लागला तरी चेन तिथे चावते आणि अख्खी मशीन उलटून तुमच्या तोंडाकडे येते, याला किकबॅक म्हणतात. चेन सेकंदाला वीसेक मीटरने पळत असते, तुम्हाला हात हलवायला वेळ मिळत नाही. म्हणून पुढच्या हँडलला डाव्या हाताचा अंगठा खालून गुंडाळून धरायचा, खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच नाही, आणि समोरचा तो प्लॅस्टिकचा पंजा दिसतो ना, चेन ब्रेक, तो रोज सुरू करताना एकदा मनगटाने ढकलून बघायचा की चेन जागच्या जागी थांबते का. स्वस्त मशीन घेतलीत तरी हे दुकानातच तपासा, तिथेच चालवून दाखवायला लावा.

बजेटमधून हेल्मेट-जाळी, कानावरचे मफ, बूट आणि पायाला चेनसॉची खास चॅप्स एवढं बाजूला काढा आणि उरलेल्या पैशात मशीन बघा. चॅप्समध्ये लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, म्हणजे स्प्रॉकेटमध्ये, गुंततात आणि मशीन बंद पडते. पेट्रोल चेनसॉचा आवाज कानापाशी १०० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कापूस-बिपूस नको.

आणि एक, प्लॉट तुमचा असला तरी झाड तुमच्या मर्जीचं नसतं. आंबा, जांभूळ, चिंच, फणस, साग, खैर, मोह, हिरडा, ऐन अशी झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, खासगी जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुबाभूळ-निलगिरी त्या यादीत नाही. मोडून पडलेली फांदी कापायला कोणी अडवत नाही, पण कापायच्या आधीचा फोटो काढून ठेवलात तर गावात वाद होत नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत (सिंहगड रोड) गुलमोहराच्या फांद्या गॅलरीत आल्यात. मी ऑनलाइन सहा इंची मिनी चेनसॉ बघितली, "८८ व्होल्ट" लिहिलंय आणि दोन बॅटऱ्या फ्री. एका हाताने चालते म्हणे. घेऊ का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, फांदी कापण्याआधी अर्ज करा. महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार नुसती छाटणी करायची तरी उद्यान विभागाची परवानगी लागते, झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर केलात तर एकट्या तुमच्या नावावर भांडण येणार नाही हा वेगळा फायदा.

८८ व्होल्टचं गुपित सांगते तीच बॅटरी. ती खालून उघडली (चार स्क्रू असतात) तर आत बहुतेक वेळा बोटाएवढ्या पाच लिथियम सेलची रांग दिसेल. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच गुणिले ३.६ म्हणजे १८, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ च्या हिशोबाने २१. झालं. पुढे ४८ लिहा, ८८ लिहा नाहीतर १२८ लिहा, छापायला खर्च तोच. म्हणजे मशीन वाईट असं नाही, कुंडीतली, परड्यातली, अंगठ्याएवढी ते दोन-तीन इंची फांदी ती झकास कापते, पपई-शेवगा तर लोण्यासारखा.

पण एका हाताने चालते हेच तिचं दुखणं आहे, कारण मग दुसरा हात आपोआप फांदी धरायला जातो आणि चेन फांदीतून सुटली की थेट त्या हातावर. दोन्ही हात मशीनवर, फांदी दुसऱ्या कोणीतरी लांबून दोरीने धरायची किंवा पडू द्यायची. बऱ्याच मिनी मशीनींना चेन ब्रेक नसतो आणि तेलाचा आपोआप ठिपकाही नसतो, दर पाच-सात कापांनंतर चेनवर तेलाचे दोन थेंब स्वतः सोडायचे, नाहीतर बार निळा पडतो. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून तर अजिबात वापरू नका, तिथे लांब दांड्याची करवत घ्या. आणि फांदीजवळून वीजेची तार जात असेल तर आधी महावितरण, मग बाकी सगळे.

प्रश्न : वायरवाली इलेक्ट्रिक चेनसॉ स्वस्त पडते, ती का सांगत नाही कोणी? (बिबवेवाडी)

उत्तर : सांगतो की. बंगल्याचं आवार असेल आणि काम वायरच्या टप्प्यात असेल तर पैसा वसूल मशीन आहे, ना पेट्रोल ना बॅटरी. फक्त २००० वॅटची मशीन २३० व्होल्टवर साडेआठ-नऊ अँपिअर ओढते, म्हणजे दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायची नाही, गिझरचा किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. आणि एक्स्टेन्शन जाड तारेचं, अडीच एमएमचं. घरातला टीव्हीचा बोर्ड लावून पंचवीस फूट ओढलात तर व्होल्टेज पडतं, मोटर घरघरते आणि वायर गरम होऊन आधी बोर्ड वितळतो. वायर खांद्यावरून मागे टाका, चेनच्या बाजूला येऊ देऊ नका. पावसात नाही, ओल्या गवतात नाही.

प्रश्न : आमची पेट्रोलची मशीन गेल्या उन्हाळ्यात मस्त चालली, पावसाळ्यानंतर काढली तर सुरूच होईना, दोरी ओढून खांदा गेला. मेकॅनिक म्हणतो पिस्टन गेला. आणि तेल किती घालायचं यावर तिघांची तीन मतं. (खेड शिवापूर)

उत्तर : पिस्टन गेला की नाही ते तुम्हीच बघू शकता, त्यासाठी इंजिन खोलायला लागत नाही. सायलेन्सरचे स्क्रू काढा, तो निघाला की भोकातून पिस्टनची बाजू दिसते, दोरी सावकाश ओढत टॉर्च मारा. चकचकीत, आडव्या बारीक रेषा दिसत असतील तर पिस्टन ठीक आहे. उभे खोल ओरखडे, अॅल्युमिनियम घासून चोपडल्यासारखं दिसत असेल तर मेकॅनिक बरोबर आहे, आणि तसं असेल तर कारण बहुतेक पेट्रोलमध्ये तेल कमी पडलं हेच. (सेकंडहँड मशीन घ्यायची असेल तेव्हाही हेच आधी बघायचं, विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल तर नमस्कार करून निघायचं.)

पिस्टन ठीक असेल तर जुनं पेट्रोल सगळं ओतून टाका, टाकीतली नळी तारेच्या हुकाने बाहेर ओढा, तिच्या टोकाला बोंडासारखा फिल्टर असतो तो काळा पडला असेल तर बदला, तो फार स्वस्त आहे. प्लग काढून बघा, ओला असेल तर पुसून, प्लग बाहेर ठेवूनच पाच-सहा वेळा दोरी ओढा म्हणजे आतलं साचलेलं पेट्रोल उडेल. प्लगची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पेट्रोल-तेलाचं ताजं मिश्रण घाला, चोक लावून ओढा, एकदा "फट्" झालं की चोक अर्ध्यावर आणा. लोक इथेच चुकतात, फट् झाल्यावरही पूर्ण चोकवर ओढत राहतात आणि परत इंजिन पेट्रोलने बुडवतात. एवढं करूनही नाही झाली तर कार्बोरेटरचा पडदा.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण असं, कंपनीचं स्वतःचं चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. साधं टू-टी तेल असेल तर २५ ला १, लिटरला ४० मिली. डोळ्याच्या अंदाजाने झाकणं मोजू नका, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा आणि मशीन ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

चेनचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. गाडीचं जळकं काळं ऑइल त्यात घालतात ते बंद करा, त्यात धातूचा चुरा असतो, पंप आणि बार दोन्ही खातं आणि ते तुमच्याच जमिनीवर उडतं. तेल येतंय का ते बघायला बारचं टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर लांब धरून रेस करा, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

प्रश्न : चेन नवीन घ्यायची की धार लावायची, हे कळतं कसं? दुकानदार दरवेळी नवीन चेनच गळ्यात मारतो. (हडपसर)

उत्तर : खाली पडलेला भुसा मुठीत घ्या. पोह्यांसारख्या ढलप्या असतील तर धार आहे, पिठासारखा असेल तर गेली. मशीनवर रेलून दाबायला लागतंय, काप एका बाजूला वाकडा जातोय, तरी तेच. वाकडा जातो तेव्हा एका बाजूचे दात बोथट किंवा आखूड झालेले असतात.

धार घरी लागते. छोट्या मशीनींवर बहुतेक थ्री-एट लो प्रोफाइल चेन असते, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ ची. चेन कुठली ते बारवर कोरलेलं असतं, तो आकडा फोटो काढून दुकानात न्या. दातावर ३० अंशाची खूण बघून कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची, प्रत्येक दाताला सारखेच हात, एका बाजूचे दात सगळे झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू. तीन-चारदा धार लावून झाली की दातापुढचा तो छोटा उंचवटा चपट्या कानसेने थोडा कमी करावा लागतो, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. दुकानदार याच्याबद्दल बोलत नाही, कारण उंचवटा तसाच राहिला की दात कितीही घासा, चेन कापत नाही आणि तुम्ही नवीन घ्यायला येता. उलट उत्साहात तो जास्त घासलात तर चेन लाकडात हिसके देते आणि किकबॅक वाढतो, तेव्हा उंचवटा मोजायची पट्टी, म्हणजे गेज, वापरा.

दातावर मागे तिरकी रेघ असते, धार लावता लावता दात तिथपर्यंत आला की नवीन चेन घ्यायची, किंवा एखादा दात तुटला तर. दगडाला लागून दोन-चार दात बोथटले एवढ्यावर चेन फेकू नका. आणि नवीन चेन पहिल्या तासाभरात ताणते, मध्ये थांबून आवळा, पण काम झाल्यावर परत थोडी सैल करून ठेवा, गरम असताना आवळलेली चेन गार झाल्यावर आकसते आणि शाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो.